अकरा चुलींची आपा

नफिसाआपांनी माझा चेहरा नीट बघण्याआधी माझे पाय बघितले. कुवेतमधल्या फहाहीलच्या मासळीबाजारामागे एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचा दवाखाना होता. बाहेर पॉलीक्लिनिक अशी भारदस्त पाटी, आणि आत चार डॉक्टर, एक लॅब नि कायम बिघडलेली लिफ्ट एवढाच पसारा. इन्शुरन्सचे कागद सांभाळायला मी तिथे नोकरीला लागले, त्या सकाळी एक ठेंगणी, जाड चष्म्याची, करड्या हिजाबातली नर्स माझ्या टेबलापुढे येऊन उभी राहिली.

"पुण्याची काय गो तू? सँडल काढ."

मी मुकाट्याने काढली. पुण्यात कुणी असं सांगितलं असतं तर मी दोन शब्द सुनावले असते, पण या बाईच्या आवाजात नाही म्हणायला जागाच नव्हती. तिने वाकून टाचा बघितल्या, "फुटल्यात. खोबरेल लाव रोज. हितली हवा वंगाळ," असं म्हणाली आणि निघून गेली. नाव विचारायला ती तिसऱ्या दिवशी आली.

आपांचं चरित्र मला सांगता येणार नाही. दापोलीकडच्या खाडीकाठच्या एका गावातल्या, कुवेतमध्ये जन्म जावा इतकी वर्षं काढलेल्या, नवरा नाही, मुलगी लग्न होऊन मुंब्र्याला, एवढंच मला ठाऊक. अधिक विचारायला जावं तर त्या उलट मलाच प्रश्न विचारायच्या, आणि पाच मिनिटांनी माझ्या लक्षात यायचं की मी माझ्या सासूबद्दल भलतंच काहीतरी सांगून बसले आहे. त्यांची ती कलाच होती. डॉक्टरांसमोर हूं की चूं न करणारे पेशंट आपांपुढे घडाघडा बोलायचे.

त्यांची पद्धत ठरलेली होती. मधुमेहाचा पेशंट खुर्चीवर, आणि आपा त्याच्यापुढे निळ्या प्लॅस्टिकच्या बुटक्या स्टुलावर. बूट काढायचे, मोजे काढायचे. क्रेन चालवणारे, पाइपलाइनवर काम करणारे धट्टेकट्टे गडी लाजून पाय मागे घ्यायचे. आईच्या वयाच्या बाईने पायाला हात लावायचा म्हणजे काय. आपा पाय ओढून मांडीवर घ्यायच्या, एकेक बोट फाकवून बघायच्या आणि बघता बघता विचारायच्या, "आज पाळी कोणाची?"

हा प्रश्न मला पहिले काही महिने कळला नव्हता. फहाहीलला, मंगाफला, अबू हलीफाला हजारो माणसं खोल्या वाटून राहतात. एका खोलीत सहा-आठ जण, एक गॅस, आणि स्वयंपाकाच्या पाळ्या. काही खोल्यांत पाळ्या नसतात, एकच हौशी बल्लव असतो आणि बाकीचे भांडी घासतात. बायका-मुलं गावी. आमचे डॉक्टर सगळ्यांना विचारायचे, "काय खाता?" आणि सगळे शहाण्या मुलासारखं उत्तर द्यायचे, "खबूसची रोटी आणि भाजी." आपा तो प्रश्न कधी विचारायच्या नाहीत. "त्याला काय ठावं तो काय खातो? समोर येतो ता खातो," असं त्यांचं म्हणणं.

त्यांनी पेशंटांना नावंही ठेवली होती. तपासणीच्या आधी दोन दिवस गोड सोडून, उपाशीपोटी येऊन रक्त देणारे ते 'परीक्षेचे'. त्यांची त्या दिवसाची साखर अगदी सरळ यायची. मग आपा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी करायला लावायच्या आणि कागद त्यांच्यापुढे धरायच्या. "हितं कॉपी चालत नाय," एवढंच म्हणायच्या. मोठमोठे फोरमन कान धरायच्या बेताला यायचे.

कॉम्प्युटरशी मात्र त्यांचं वाकडं होतं. एका बोटाने, ओठ दाबून, एकेक अक्षर टिपायच्या. पण जे केलं नाही त्यापुढे त्यांनी कधी बरोबरची खूण केली नाही. एकदा गर्दीच्या दिवशी डॉक्टर म्हणाले, सिस्टर, डोळे तपासले अशी खूण करून टाका, पुढच्या वेळी बघू. आपांनी खूण केली नाही. त्या पेशंटला जिना उतरून, रस्ता ओलांडून समोरच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या, चिठ्ठी घेऊन आल्या, आणि मग एका बोटाने खूण केली. तेवढ्या वेळात बाहेर वीस माणसं खोळंबली होती आणि सगळे माझ्यावर ओरडत होते. मला त्या दिवशी आपांचा मनापासून राग आला होता.

मी याद्या करणारी बाई आहे. माझ्या घरच्या फ्रिजवरही यादी असते, आणि माझा मुलगा त्यावरून मला इंग्रजीत काहीबाही बोलत असतो. त्यामुळे इन्शुरन्स कंपनीने नवी योजना आणली तेव्हा दवाखान्यात बहुधा मी एकटीच खूश झाले. आधी पेशंट जितक्या वेळा येईल तितक्या वेळचे पैसे मिळायचे, मग तो बरा होवो की न होवो. आता त्यातला बराचसा भाग कामगिरीवर मिळणार होता. मधुमेहाच्या किती पेशंटांची साखर आटोक्यात आली, किती जणांचे डोळे आणि पाय तपासले, रक्तदाब किती जणांचा ठरलेल्या रेषेखाली आहे, हे दर तीन महिन्यांनी मोजायचं. दवाखान्याने ठरलेली टक्केवारी गाठली तर दर वाढणार, सलग दोनदा मागे पडलो तर करारच रद्द. आमचे निम्म्याहून जास्त पेशंट त्या एका कंपनीचे होते. करार गेला की दवाखान्याला कुलूप लागणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

पहिल्या तीन महिन्यांत आम्ही आपटलो. पाय आणि डोळे यांत आपांच्या कृपेने पूर्ण मार्क, आणि साखरेत नापास.

आमचे मॅनेजर थॉमससाहेब केरळचे, सज्जन गृहस्थ, पण घाबरले की सज्जनपणा जरा बाजूला ठेवायचे. त्यांनी मला आकड्यांचा छडा लावायला सांगितलं. मी लावला. एक्केचाळीस पेशंट असे निघाले की ज्यांची साखर वर्षभर खाली यायचं नाव घेत नव्हती. ते वगळले तर बाकीच्यांवर आम्ही आरामात पास होत होतो. पेशंट यादीतून काढू नयेत असं नियमांत कुठेही लिहिलेलं नव्हतं, हेही मीच शोधून काढलं. एवढंच काय, 'आपण पुढील उपचार अन्यत्र घ्यावेत ही विनंती' असं गोड भाषेतलं पत्रही मीच लिहिलं. आज हे लिहिताना लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती. यादी फार सुबक झाली होती.

पत्रं पेशंटांच्या हाती द्यायचं काम साहजिकच आपांकडे आलं. त्यांनी यादी वाचली, चष्मा काढून पुसला, परत वाचली. मग माझ्यासकट थॉमससाहेबांच्या केबिनमध्ये शिरल्या.

"साब, ये सब मेरे पेशंट हैं."

"सिस्टर, ये लोग सुनता नहीं है. इनके वास्ते क्लिनिक बंद करेगा क्या? आपका भी नौकरी जाएगा."

"दूसरा क्लिनिक भी इनको निकालेगा. उसको भी तो नंबर मंगता. फिर ये आदमी जाएगा किधर?"

थॉमससाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी यादीकडे बघितलं. आपा यादी घडी करून कोटाच्या खिशात घालून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या टेबलाशी आल्या तेव्हा माझ्या सुबक यादीच्या चिंध्या झाल्या होत्या. त्यांनी कात्रीने एकेक नाव कापून वेगळं केलं होतं आणि टाचण्या लावून छोट्या छोट्या गड्ड्या केल्या होत्या. त्या त्यांनी माझ्यापुढे ओळीने मांडल्या.

"मोज गो."

"अकरा."

"हां. ही एक्केचाळीस माणसं नायत. ह्या अकरा चुली हायत."

मला क्षणभर काहीच कळलं नाही, आणि मग एकेक गड्डी म्हणजे एकेका खोलीत जेवणारी माणसं हे कळलं तेव्हा कानशिलं तापली. आमच्या कॉम्प्युटरमध्ये पेशंटचा पत्ता म्हणून कंपनीचा पोस्टाचा बॉक्स नंबर असतो. हजार माणसं, एक पत्ता. मी साखरेवर, वयावर, औषधांवर, पगारावर गाळण्या लावून बघितल्या होत्या. कोण कुणाबरोबर जेवतो हा रकानाच माझ्याकडे नव्हता. तो फक्त आपांच्या डोक्यात होता, कारण प्रत्येकाचा पाय मांडीवर घेऊन त्यांनी 'पाळी कोणाची' हे विचारलेलं होतं.

थॉमससाहेबांकडे त्यांनी तीन महिने मागितले.

"और नहीं हुआ तो?" साहेब म्हणाले.

"तो निकालने का पहला लेटर मेरे को देना."

पुढचे तीन महिने म्हणजे मधोमध रमजान आणि त्यामागून ईद. याहून अवघड पेपर कुणी काढला नसता. थॉमससाहेबांनी ते बोलून दाखवलं. आपा म्हणाल्या, बरंच आहे, रमजानमध्ये सगळे एकत्र जेवतात, आपल्याला अकराच ठिकाणी जावं लागेल.

शुक्रवार सुट्टीचा. त्या दर शुक्रवारी सकाळी निघायच्या आणि दोन-दोन खोल्या करून यायच्या. पहिल्या शुक्रवारी मीही गेले, अपराधी मनाला जरा बरं वाटावं म्हणून. मंगाफच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर सात जणांची खोली होती. त्यातले चार माझ्या यादीत. बल्लव होता इस्माईल, चिपळूणकडचा, एका कंपनीच्या स्टोअरमध्ये कामाला. स्वतः काटक, त्याला साखर नाही नि काही नाही. तो दवाखान्यात कधी आलाच नव्हता, आणि त्याच्या हातची चव अशी की शेजारच्या खोलीतले लोक वाटी घेऊन यायचे. भातावर तुपाची धार, डब्यातल्या गोड दुधाचा चहा दिवसातून चार वेळा.

मला वाटलं, आता आपा त्याची खरडपट्टी काढणार. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि बांगड्याचं कालवण करायला घेतलं. दोघं शेजारी शेजारी उभे राहून कोकम किती, तिरफळ किती यावर भांडले. अर्ध्या तासाने कालवण उकळल्यावर आपा सहज म्हणाल्या, "तुझा भात मना कमी कराचा नाय. फकस्त वाढताना आधी मासा नि भाजी दे. ती संपली की मग भात. नि चहात दूध साधं घाल, साखर टेबलावर ठेव. ज्याला पायजे तो घेल."

"एवढंच?" इस्माईल म्हणाला.

"एवढंच. नि हे तुझ्याकडं ठेव." त्यांनी पिशवीतून साखर मोजायचं यंत्र काढून त्याच्या हातात दिलं. "ह्यांची साखर तू मोजाची. जेवण तुझं, तर मार्क पण तुझे."

इस्माईलने ते यंत्र असं धरलं की जणू कुणी त्याला बढती दिली. मी तिथे उभी होते आणि मला माझ्या पत्राची गोड भाषा आठवत होती.

ही युक्ती अकराही ठिकाणी झाली. तेलुगू खोली होती, नेपाळी खोली होती, बिहारची होती. आपांना तेलुगू येत नव्हतं, पण डाळ ढवळता येत होती. रमजान सुरू व्हायच्या आधी त्यांनी रोजे धरणाऱ्या प्रत्येकाला डॉक्टरांपुढे बसवून गोळ्यांच्या वेळा बदलून घेतल्या आणि त्या वेळा बल्लवांना तोंडपाठ करायला लावल्या. इफ्तारला एक खजूर, पाणी, मग नमाज, मग जेवण. ज्यांना रोजा झेपणार नव्हता त्यांना डॉक्टरांनी सांगितलं, आणि डॉक्टरांचं न ऐकणाऱ्यांना आपांनी.

दर रविवारी अकरा बल्लव आकडे घेऊन यायला लागले. थोड्याच दिवसांत त्यांच्यात चुरस लागली. अबू हलीफाच्या नेपाळी खोलीने मंगाफला मागे टाकलं, तर इस्माईल दोन दिवस कुणाशी बोलला नाही. वेंकटेश नावाचा क्रेनवाला अहमदीहून मुद्दाम तक्रार घेऊन आला की त्याच्या खोलीतला बल्लव त्याला इडली मोजून देतो आणि वर दुसऱ्या दिवशी परत बोट टोचतो. आपांनी त्याला चहा पाजला, बिनसाखरेचा, आणि परत पाठवला.

ईदनंतर एक आठवडा वाईट गेला. शीरखुर्मा कुणाला चुकलाय. इस्माईलच्या खोलीचे आकडे उडाले आणि तो यंत्र परत द्यायला आला. "आपा, मना नाय जमत हा," असं म्हणाला. आपा म्हणाल्या, "ईदीला गोड नाय केलंस तर माणसं जगतील कशाला? आज काय रांधतोस ता सांग." तो पावटे म्हणाला. "मग जा, भिजत घाल." यंत्र तसंच हातात घेऊन तो गेला.

तीन महिने संपले. मी आकडे जुळवले, दोनदा जुळवले, मग पाणी पिऊन आले आणि तिसऱ्यांदा जुळवले. एक्केचाळीसपैकी एकोणतीस जण रेषेखाली आले होते. उरलेल्यांत दोघं सोडून सगळ्यांची साखर उतरली होती. कंपनीने ठरवलेली टक्केवारी आम्ही नुसती ओलांडली नव्हती, ती बरीच मागे राहिली होती. थॉमससाहेबांनी केबिनचं दार लावून घेतलं आणि थोड्या वेळाने डोळे पुसून बाहेर आले.

इन्शुरन्स कंपनीचा मात्र यावर विश्वास बसला नाही. बसावा कसा? ज्या तऱ्हेच्या पेशंटांना बाकीचे दवाखाने गुपचूप गाळत होते, नेमके तसेच आमच्याकडे सुधारले होते. कंपनीच्या डॉक्टर मुनीरा, कुवेती, कडक इस्त्रीच्या बाई, एका सकाळी न सांगता तपासणीला आल्या. त्यांनी यादीतून आपल्या मनाने दहा नावं काढली आणि म्हणाल्या, या दहांचं रक्त आजच, माझ्यासमोर.

थॉमससाहेब पांढरेफटक. कामाच्या दिवशी दहा माणसं कुठून आणायची? आपांनी फोन उचलला. पेशंटांना नाही, बल्लवांना केला. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत दहाही जण दवाखान्यात हजर होते, काही हेल्मेटसकट, आणि त्यांच्याबरोबर सहा बल्लव बिनबोलावलेले. डॉक्टर मुनीरांनी आपल्या हाताने नळ्यांवर चिठ्ठ्या लावल्या आणि लॅबच्या दारात खुर्ची टाकून बसल्या. निकाल आले. दहाही जुळले. वेंकटेशचा तर आमच्या नोंदीपेक्षा चांगला निघाला, कारण मधल्या पंधरवड्यात तो आणखी उतरला होता.

डॉक्टर मुनीरांनी कागद खाली ठेवला आणि आपांना इंग्रजीत विचारलं, "कोणतं नवं औषध दिलंत?"

आपांनी मागे उभ्या असलेल्या बल्लवांकडे बोट केलं. इस्माईलने छाती काढली. त्या क्षणी मला जो अभिमान वाटला तो माझ्या मुलाच्या निकालालाही वाटला नसेल, आणि त्यात माझं कर्तृत्व शून्य होतं.

मग महिन्याभराने कंपनीने शहरातल्या एका हॉटेलात सगळ्या दवाखान्यांना बोलावलं आणि आपांना बोलायला उभं केलं. मी केलेल्या स्लाइड्स त्यांच्यामागे झळकत होत्या. त्यांनी एकदाही वळून बघितलं नाही. हिंदी, इंग्रजी आणि अरबी यांच्या मिश्रणात त्यांनी खोल्या, पाळ्या, आधी मासा आणि मग भात हे सगळं सांगितलं. लोक हसले, टाळ्या वाजल्या. शेवटी एका मोठ्या दवाखान्याचे सुटातले व्यवस्थापक उठले आणि त्यांनी सभ्यपणे विचारलं की हे छान आहे, पण काही पेशंट सुधारतच नाहीत, असे पेशंट यादीतून कमी करण्याबद्दल आपलं काय मत आहे.

हा प्रश्न सगळ्यांच्याच मनात होता, आणि मला तर वाटलं की तो माझ्यासाठीच विचारलाय.

"डोन्ट रिमूव्ह," आपा म्हणाल्या. "सेंड टू मी. फहाहील, बिहाइंड फिश मार्केट, सेकंड फ्लोअर. लिफ्ट नॉट वर्किंग."

पुढच्या वर्षी नवऱ्याची बदली पुण्याला झाली आणि मी नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी मी आपांचा निरोप घ्यायला गेले तर त्यांच्या खोलीबाहेरची रांग जिन्यात उतरली होती. माणसं खरोखरच आली होती. सालमियाहून, फरवानियाहून, रुमैथियातल्या एका हॉटेलच्या भटारखान्यातून. कुणाला दवाखान्यांनी पाठवलं होतं, कुणी नुसतं ऐकून आलं होतं. रांगेत पुढे एक पन्नाशीचा माणूस हातात कागद घेऊन उभा होता. दुसऱ्या एका दवाखान्याचं पत्र होतं. मी ते वाचलं. भाषा गोड होती. पुढील उपचार अन्यत्र घ्यावेत ही विनंती.

मी कागद आपांपुढे धरला आणि डोळे पुसले. आपांनी पत्रावर नजर टाकली, मग माझ्यावर.

"रडतंस काय? अजून अर्धा दिवस पगार घेतंस ना? ह्याचं नाव घाल."

मी टेबलाशी गेले, यादी उघडली आणि सगळ्यात खाली त्याचं नाव घातलं. पत्त्याच्या शेजारी मी केलेल्या 'पाळी कोणाची' या नव्या रकान्यात काय लिहायचं ते त्याला विचारलं. तो म्हणाला, खोलीत मीच रांधतो. आत आपांनी त्याच्यासाठी खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि त्याने बूट काढायला सुरुवात केली.